औषध तेच, विष तेच : घरातल्या चार मूलद्रव्यांची गोष्ट

नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागले की शेतांच्या पलीकडे जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. टोमॅटो तोडायला, कांदा काढायला त्या बाजूला जाणाऱ्या आपल्या माणसांना त्या ओळखीच्या आहेत. ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ दुर्बीण. अशा एकूण ३० तबकड्या आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या पकडतात. त्यातली एक लहर हायड्रोजन या मूलद्रव्याची. एका दूरच्या दीर्घिकेतून सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लहर इथे पकडली गेल्याचे शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये जाहीर केले.

तोच हायड्रोजन आपल्या घरातल्या हंड्यात आहे. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. पाटलाच्या विहिरीत तेच, बस्तीच्या नळालाही तेच. पाण्याला जात नसते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणूस म्हणून आपला हक्क बजावण्यासाठी. ते पाणी निर्धोक असणे हाही त्याच हक्काचा भाग आहे.

मूलद्रव्य म्हणजे ज्याचे फोडून आणखी साधे पदार्थ करता येत नाहीत असा मूळ पदार्थ. आज अशी ११८ मूलद्रव्ये माहीत आहेत. त्यातली चार आपल्या आरोग्याशी रोज गाठ घालतात. चौघांचा नियम एकच : मात्रा सांभाळली तर औषध, चुकली तर अपाय.

क्लोरीन : पाण्याचा राखणदार

जुन्नरची लेणी पाहायला गेलात की डोंगरात कोरलेली पाण्याची टाकी जरूर पाहा. मानमोडी डोंगरातल्या एका शिलालेखात नहपान राजाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याची नोंद आहे. भिक्खूंच्या आठ परिष्कारांमध्ये पाणी गाळायचे गाळणेही असते. पाणी गाळून प्यावे ही शिस्त आपल्या धम्मात अडीच हजार वर्षांपासून आहे.

कापडाने गाळ आणि किडे अडतात. कॉलरा, कावीळ, हगवण यांचे जंतू मात्र आरपार जातात. त्यांना मारतो क्लोरीन. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत जी टीसीएल पावडर टाकतो, तिच्यात हाच असतो. अमेरिकेत जर्सी सिटी शहराच्या पाण्यात १९०८ पासून क्लोरीन नियमित टाकू लागले आणि मग ही पद्धत जगभर गेली.

पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, गाळा, मगच क्लोरीन टाका. नाहीतर तो गाळातच खर्ची पडतो. घरच्या वापराच्या बाटलीवर किंवा गोळीच्या पाकिटावर जेवढे प्रमाण लिहिले असेल तेवढेच घ्या आणि अर्धा तास थांबा. पाण्याला हलका वास आला तर घाबरू नका, राखणदार जागा आहे असे समजा. टीसीएलचे पोते उघडे, उन्हात किंवा ओलीत राहिले तर पावडरीचा जोर जातो. म्हणून आपल्या नळाच्या पाण्याची ओटी चाचणी करून दाखवा, असे जलसुरक्षकाला सांगा. थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे. रंग आला नाही तर नाही.

आता दुसरी बाजू. २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने बेल्जियममध्ये हाच क्लोरीन वायू शत्रूवर सोडला आणि माणसे गुदमरून मेली. तोच वायू आपल्या संडासातही तयार होऊ शकतो. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. चुकून झालेच तर साफ करत बसू नका, आधी मोकळ्या हवेत या. खोकला किंवा दम लागत असेल तर ताबडतोब दवाखाना गाठा.

जस्त : पत्र्यावरचे आणि गोळीतले

घरावरच्या नव्या पत्र्याची रुपेरी चकाकी जस्ताची. आतल्या लोखंडाला गंज लागू नये म्हणून हा मुलामा देतात. हेच जस्त आपल्या शरीरालाही अगदी थोडे लागते. मुलाला जुलाब लागले की ते शौचावाटे निघून जाते आणि जुलाब लांबतात.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये सांगितले, की जुलाबात जलसंजीवनीबरोबर झिंकही द्या. आपल्याकडे सहा महिन्यांवरील मुलाला २० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी रोज, असे १४ दिवस देतात. बाळाला ती आईच्या दुधात आणि मोठ्या मुलाला स्वच्छ पाण्यात विरघळवून द्यायची. आपल्या आया इथे एक चूक करतात : दोन दिवसांत जुलाब थांबले की गोळ्या बंद. चौदाही दिवस पूर्ण करा, त्याने पुढच्या काही महिन्यांतही जुलाबापासून बचाव होतो.

जलसंजीवनीचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदाच कालवायचे, अर्धे-अर्धे नाही. कालवलेले पाणी २४ तासांनंतर ओतून द्यायचे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच पाण्यावर असंख्य जीव वाचवले. मात्र डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले, पाणीही पिईना किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

आयोडीन : चिमूटभर, पण रोज

आयोडीन १८११ मध्ये फ्रान्समध्ये समुद्री शेवाळाच्या राखेत सापडले. डोंगराळ भागात जोराचा पाऊस मातीतले आयोडीन धुऊन नेतो आणि तिथल्या धान्य-भाजीतही ते कमी उतरते. भीमाशंकरच्या बाजूचा पाऊस आंबेगावकरांना सांगायला नको.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. जन्मभराचे मोजले तर एक चमचाही भरत नाही. पण गरोदर बाईला ते कमी पडले तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश पाळायचा तर त्याची तयारी आईच्या ताटापासून सुरू होते.

पाकीटबंद आयोडीनयुक्त मीठ घ्या. सुटे खडे मीठ दोन रुपयांनी स्वस्त पडत असेल, तरी त्यात आयोडीन असेलच असे नाही. मीठ झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर ठेवा आणि भाजीत शेवटी घाला. मात्र आयोडीन आहे म्हणून मीठ जास्त खायचे नाही. दिवसाला एका लहान चमच्याहून अधिक मीठ रक्तदाब वाढवते.

तांबे : बागेतले मोरचूद

जुन्नरच्या द्राक्षबागांत कामाला जाणाऱ्यांना निळे मोरचूद माहीत आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. त्यात चुना मिसळला की बोर्डो मिश्रण होते. त्याचा शोध मोठा गमतीचा. फ्रान्समध्ये बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळे मिश्रण शिंपडत. त्याच वेलींवर केवडा रोग, ज्याला बागेत सगळे डाऊनी म्हणतात, पडत नाही हे मिलार्दे या प्राध्यापकाने हेरले आणि १८८५ मध्ये जाहीर केले.

वेल वाचली, पण फवारणाऱ्याचे काय? पोर्तुगालमध्ये वर्षानुवर्षे हे मिश्रण फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत तांबे साचल्याचे डॉक्टरांनी १९६९ मध्ये नोंदवले. म्हणून नाका-तोंडावर मास्क, हातमोजे, अंगभर कपडे घाला आणि वाऱ्याकडे पाठ करून फवारणी करा. विडी-तंबाखू आणि भाकरी साबणाने हात धुतल्यावरच. औषधाचा रिकामा डबा पाण्यासाठी कधीही वापरू नका. मास्क आणि हातमोजे मालकाकडे मागायला संकोच नको. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे मंत्री म्हणून काम करणाऱ्या बाबासाहेबांची आपण लेकरे आहोत. जिवाची सुरक्षा हा मजुरीचाच भाग आहे, तो कुणाचा उपकार नाही.

घरातले तांब्याचे भांडे पाण्याला चांगले, पण त्यात ताक, लिंबू, चिंच असे आंबट ठेवू नका. तांबे उतरते आणि मळमळ, उलट्या होतात.

वीणेची तार फार ताणली तरी बिघडते आणि सैल सोडली तरी बिघडते, असे तथागतांनी सोण भिक्खूला समजावले होते. या चार मूलद्रव्यांचेही तसेच आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात एकमेकांना चार प्रश्न विचारा. नळाच्या पाण्याची चाचणी झाली का? झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे आहेत का? घरात मीठ कोणते येते? फवारणीला जाणाऱ्याकडे मास्क आहे का? ज्याचे उत्तर ‘नाही’ येईल, ते काम त्याच आठवड्यात हाती घ्या.

जय भीम!