चारही चाकांचे सुकाणू आणि संवेदकांची साक्ष

पीथमपूर हे धार जिल्ह्यातले, याचा विसर इंदूरच्या सान्निध्यामुळे पुष्कळांना पडतो. १९८० नंतरच्या दशकात तेथे मोटारींचे कारखाने आले. २०२१ साली तेथील नॅट्रॅक्स या चाचणीकेंद्रातील ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगाचा मार्ग खुला झाला. धार-देवासच्या मराठी घरांना हा उद्योग आता परका नाही. म्हणून मोटारीतील एका नाजूक रचनेचे, आणि ती बिघडल्यावर दोष कसा शोधावा याचे, विवेचन येथे अप्रस्तुत ठरू नये.

नेहमीच्या मोटारीत पुढची चाके वळतात व मागची निमूटपणे त्यांच्या मागोमाग येतात. मागच्यांनाही थोडे वळविले तर दोन लाभ होतात. मंद वेगात ती पुढच्यांच्या विरुद्ध दिशेस वळली की गाडी अरुंद जागेत फिरते. वेगात ती त्याच दिशेस किंचित वळली की मार्गिका बदलताना गाडी डळमळत नाही. होंडाने १९८७ साली ‘प्रील्यूड’ गाडीत ही किमया केवळ दांडे व दंतचक्रे यांच्या बळावर साधली होती. सुकाणूचक्र थोडे फिरविल्यास मागची चाके दीड अंशापर्यंत त्याच दिशेस वळत, पुष्कळ फिरविल्यास ५.३ अंशांपर्यंत उलट. तीत संवेदक नव्हते, म्हणून संवेदकांचा आजारही नव्हता. पुढच्या पिढीत मागच्या चाकांना विजेची मोटर जोडली गेली. आज पुण्याजवळ चाकणला जुळविल्या जाणाऱ्या मर्सिडीझ एस-क्लासच्या विद्यमान पिढीतील काही प्रकारांत मागची चाके १० अंशांपर्यंत वळू शकतात, आणि दिशा बदलण्याची सीमा ताशी सुमारे ६० किलोमीटर ही आहे.

आता चाके किती व कोणीकडे वळवावयाची, हे नियंत्रक ठरवितो; पण त्याला स्वतःचे डोळे नसतात. सुकाणूचक्राचा कोन, प्रत्येक चाकाचा वेग, गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळते आहे ती गती आणि मागच्या चाकांचा प्रत्यक्ष कोन, ही सारी माहिती त्याला संवेदक, म्हणजे गॅरेजच्या भाषेत सेन्सर, पुरवितात. समजा, गाडी ताशी १०० किलोमीटरने धावत असता वेगाची साक्ष २० अशी आली. मागची चाके उलट दिशेस वळतील, आणि मानपूर सोडून खलघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गाडीची पाठ बाहेर फेकली जाईल. म्हणून एकाच साक्षीवर विसंबून राहण्याची येथे सोय नाही.

देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत एकाच गावात नांदली. या रचनेतही एकाच कोनावर मुख्य व दुय्यम असे दोन संवेदक पुष्कळदा नेमलेले असतात. काही गाड्यांत एकाचा विद्युतदाब चढतो तेव्हा दुसऱ्याचा तितकाच उतरतो. पाच व्होल्टच्या मंडलात एक दीड दाखवीत असेल तर दुसऱ्याने साडेतीन दाखवावयास हवे. बेरीज बिघडली की नियंत्रक दिवा लावतो, मागची चाके मध्यावर आणून तेथे रोखून धरतो आणि गाडी साध्या गाडीसारखी चालू लागते. पण दोघांत खोटे कोण बोलतो, हे केवळ बेरजेवरून कळत नाही. त्यासाठी तिसरा साक्षीदार लागतो.

तो पुष्कळदा गाडीतच असतो. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने ५० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर गाडी फिरविली, तर ती सेकंदाला सुमारे साडेअकरा अंश वळली पाहिजे. दोन चाकांतील अंतर दीड मीटर धरल्यास बाहेरच्या चाकाचा वेग आतल्यापेक्षा सुमारे ३ टक्के अधिक येईल. वळणाची गती आणि चाकांचे वेग या हिशेबाशी जुळत असून सुकाणूचा कोन तेवढा फटकून असेल, तर संशय कोणावर घ्यावा हे उघड आहे.

येथे कारागिराची घाई महाग पडते. संगणकावर उमटणारा दोषांक त्या मंडलाचा असतो, सुट्या भागाचा नव्हे. ‘मागील कोन-संवेदक’ असे वाचून नवा भाग बसवावा आणि दिवा पुन्हा लागावा, हा प्रकार विरळा नाही. मागच्या आसाजवळच्या जोडणीत पावसाळ्याचे पाणी व चिखल शिरून पिना हिरव्या पडलेल्या असतात. दगड लागून तार आतल्या आत तुटलेली असते, वेटोळे हलविले की दोष दिसतो, सोडले की नाहीसा होतो. म्हणून आधी बॅटरीचा दाब, टायरांतील हवा व चाकांची जुळणी तपासावी. मग मल्टिमीटरने पुरवठा व अर्थिंग पाहावे. त्यानंतर चाक सावकाश वळवीत दाब अखंड बदलतो की मध्येच उडी घेतो, हे न्याहाळावे. वेगवान स्पंद देणाऱ्या संवेदकांना मल्टिमीटर अपुरा पडतो, तेथे ऑसिलोस्कोपच हवा.

सर्वांत फसवा दोष शून्याचा. कुमार गंधर्वांच्या देवासात हे फोडून सांगावयास नको: षड्जच सरकला, तर स्वरांतील अंतरे अचूक असूनही सारे गाणे बेसूर होते. चाकांची जुळणी करताना सुकाणू तिरके राहिले, की संवेदक धडधाकट असूनही सरळ रस्त्यावर दोनतीन अंश सांगत राहतो, आणि मागची चाके त्या खोट्या वळणाला उत्तर देऊ लागतात. गाडी तिरकी चालल्यासारखी वाटते व टायर एका कडेने झिजतात. अशा वेळी नवा भाग घेण्यापूर्वी मागची चाके मध्यावर अडकवून जुळणी पुन्हा करावी आणि नियंत्रकाला नवे शून्य शिकवावे. भाग खरोखरच बदलला असेल तरीही हे शिकविणे चुकत नाही.

एक इलाज मात्र कोणीही करू नये. कटकट नको म्हणून दिव्याचीच तार तोडून देणारे कारागीर भेटतात. दिवा गेला तरी मागची चाके मध्यावर स्थिर आहेत की नाहीत, हे चालकाला मग कळण्याचा मार्ग उरत नाही.