जनरेटर घेताय? आधी चेंजओव्हर बसवा, मग जनरेटर आणा

दापोली : मृग तोंडावर आला की आमच्या वाडीत दोन कामं ठरलेली. घर शाकारायचं आणि लाकडं पडवीत भरायची. निसर्ग वादळापासून त्यात तिसरं वाढलंय, जनरेटरची चौकशी. मे महिना आला की "कितीचा घेऊ, कुठला घेऊ" असे फोन मलाही येतात, म्हणून या वेळी सगळं लिहूनच काढतोय.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगडातही खांबच्या खांब आडवे झाले. आमच्या वाडीत वीज परत आली तेव्हा भातलावणी सुरू झाली होती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. या दोन वादळांमध्ये लोकांनी जमेल तिथून जनरेटर आणले, जमेल तसे जोडले. मीही आणला. आणि जोडला तो अगदी चुकीचा.

झालं असं. दोन्ही टोकांना थ्री-पिन लावलेली एक वायर केली. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये. सगळ्या घरात उजेड. मीटरजवळचा मेन स्विच पाडायचा हे माहीत होतं, पहिले तीन दिवस पाडलाही. चौथ्या दिवशी विसरलो. त्याच दिवशी बाहेरच्या जिल्ह्यातून आलेलं वायरमनचं पथक आमच्या वळणावर तार ओढत होतं. त्यांच्यातल्या एकाने वर चढायच्या आधी टेस्टर लावला आणि तो पेटला. डीपी बंद, फ्यूज काढलेले, तरी तारेत वीज. ते लोक आवाजाच्या मागावर घर शोधत माझ्या अंगणात आले. तो पोरगा एवढंच म्हणाला, "भाऊ, आज टेस्टर लावला नसता तर मी घरी गेलो नसतो." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण वाडीवाडीत आजही ती दोन पिनांची वायर वापरात आहे. घरातल्या प्लगमध्ये वीज सोडली की ती घरापुरती राहत नाही. मेन चालू असेल तर मीटरमधून उलटी खांबावर जाते. तिथून पुढे डीपी. डीपीचं काम 11 हजार व्होल्टचे 400 करायचं. पण त्याला सुलट-उलट कळत नाही. खालच्या बाजूने 230 व्होल्ट शिरले की वरच्या बाजूला हजारो व्होल्ट तयार होतात. काही जण म्हणतात, "सगळ्या गावाचा लोड आला तर छोटा जनरेटर लगेच बंद पडेल, त्याने काय होतंय?" सगळं गाव जोडलेलं असेल तर खरंच बंद पडेल. पण वादळात तार मधेच तुटलेली असते, दुरुस्तीसाठी फ्यूज काढलेले असतात. मग तुमच्या जनरेटरवर फक्त तुटलेल्या तारेचा तुकडा असतो, लोड काहीच नाही. तो मजेत चालत राहतो आणि तार जिवंत राहते. ती पडलेली असेल तर गुरांनाही धोका, वर माणूस असेल तर त्याला.

शिवाय ती वायर स्वतःच वाईट. भिंतीतून पिन निघाली की हातात उघड्या पितळेच्या पट्ट्या राहतात आणि त्यात 230 व्होल्ट असतात. घरात लहान पोर असेल तर पुढचं सांगायला नको.

यावर उपाय म्हणजे चेंजओव्हर स्विच. तीन खुणा असतात, एका बाजूला महावितरणची लाईन, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मधे शून्य. दांडा एका वेळी एकाच बाजूला जातो, दोन्ही एकत्र जोडले जाणं शक्यच नाही. विसरणाऱ्या माणसासाठीच ही वस्तू केली आहे. घरच्या सिंगल फेजला दोन पोलचा घ्या, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. थ्री फेजला चार पोलचा. नुसता एमसीबी पाडून भागवू नका, बऱ्याच घरात तो फक्त फेज तोडतो आणि न्यूट्रल जोडलेलाच राहतो. स्विच मीटरच्या पुढे, घराच्या मेन बोर्डाच्या आधी बसतो. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, मोटर रिवाइंडिंगवाल्या ओळखीच्या पोराकडून नको. जनरेटरच्या मानाने याचा खर्च किरकोळ आहे. जनरेटर घ्यायला पैसे आहेत पण चेंजओव्हरला नाहीत, असं असेल तर सध्या जनरेटर घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

आता कितीचा घ्यायचा. त्याआधी एक, बहुतेक घरांना जनरेटर लागतच नाही. दिवे, दोन-तीन पंखे, टीव्ही, मोबाईल एवढंच असेल तर तीनशे वॅटच्या आसपास लोड येतो. 150 एएचची एक चांगली बॅटरी आणि इन्व्हर्टर यावर तीन-चार तास आरामात निघतात, आवाज नाही, धूर नाही. रोजच्या वीज जाण्याला इन्व्हर्टरच बरा. जनरेटरची गरज लागते ती दोन ठिकाणी. वीज दिवसेंदिवस येत नाही तेव्हा, किंवा मोटर चालवायची असते तेव्हा. आमच्याकडे वादळानंतर खरे हाल उजेडाचे नव्हते, पाण्याचे होते. विहीर भरलेली आणि टाकी रिकामी.

मोटर आली की हिशेब बदलतो. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, प्रत्यक्षात मोटर साधारण 1100-1200 वॅट ओढते. दुकानदार म्हणतो, "दीड केव्हीए पुष्कळ झाला." पण मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट अँपिअर मागते, बैल गाडी जागची हलवताना जोर लावतो तसं. तेवढा दम जनरेटरमध्ये नसेल तर तो गुदमरतो, व्होल्टेज पडतं, मोटर नुसती घूं घूं करत तापते आणि जळते. म्हणून घरच्या 1 एचपी मोटरला 3 केव्हीएच्या खाली जाऊ नका. 5 एचपीची थ्री फेज मोटर साध्या स्टार्टरवर असेल तर 10 ते 12.5 केव्हीए धरा, स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर त्याहून कमीत भागतं. फ्रीज आणि डीप फ्रीझरचाही हाच स्वभाव, चालताना दीडशे-दोनशे वॅट, पण सुरू होताना कित्येक पट. मासळीवाल्या ताईंनी आणि आइस्क्रीम ठेवणाऱ्या दुकानदारांनी हे लक्षात ठेवावं. सगळं एकदम चालू करायचं नाही. आधी मोटर, ती स्थिर झाली की फ्रीज, मग बाकीचं.

मोठ्या डिझेल सेटवर केव्हीए लिहिलेलं असतं ते तसंच्या तसं किलोवॅट समजू नका. साधारण 0.8 ने गुणायचं, 10 केव्हीए म्हणजे 8 किलोवॅट. मुरुड, कर्दे, हर्णै भागात होमस्टेवाले वाढलेत, त्यांच्यासाठी उदाहरण सांगतो. पाच खोल्या, पाच दीड टनी एसी म्हणजे आठ किलोवॅटच्या आसपास, वर पंप, फ्रीज, दिवे धरून दहा-साडेदहा. 15 केव्हीए घेतला की जमतं. गिझर त्यावर टाकू नका, एकेक दोन किलोवॅट खातो, त्यापेक्षा बंब पेटवा. आणि थ्री फेज सेट असेल तर खोल्या तिन्ही फेजवर सारख्या वाटून घ्या, नाहीतर एका फेजवर सगळे एसी आणि बाकी दोन रिकामे असं होतं, सेट मोठा असूनही बंद पडतो.

"मोठाच घेऊ, पुढे उपयोगी पडेल" हाही विचार बरा नाही. डिझेल इंजिन कायम पाव लोडवर चाललं की डिझेल नीट जळत नाही, सायलेन्सरमध्ये काळं ओलसर तेल साठतं. खर्चही बघा. छोटा डिझेल सेट लिटरला तीन-साडेतीन युनिट देतो. डिझेल नव्वदीच्या घरात, म्हणजे युनिट पंचवीस-तीस रुपयांना पडतं. म्हणून भाताची गिरणी जनरेटरवर चालवायचा हट्ट करणाऱ्यांना मी तरी नको म्हणतो.

जुना सेट स्वस्तात मिळतो, मोबाईल टॉवरवरचे विकायला येतात. घ्यायला हरकत नाही, पण थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावा आणि लोड टाकून अर्धा तास चालवून बघा. निळसर धूर सतत येत असेल तर सोडून द्या. नवीन डिझेल सेटला 1 जुलै 2023 पासून प्रदूषणाचे सीपीसीबी फोर प्लस हे कडक नियम लागू झाले आहेत. कोणी त्यानंतर बनलेला सेट म्हणून विकत असेल तर इंजिनवर तो शिक्का आहे का बघा.

ठेवायचा कुठे, हा प्रश्न आमच्याकडे पावसामुळे अवघड. धो धो पाऊस, जनरेटर भिजू नये म्हणून माणूस तो पडवीत घेतो, नाहीतर गोठ्यात. हे करू नका. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. खिडकी उघडी ठेवली, दार किलकिलं ठेवलं याने भागत नाही. पडवीतला धूर वाऱ्याने घरातच शिरतो, आपली कौलारू घरं वरून एकमेकांत मोकळीच असतात. जनरेटर घरापासून वीस फूट तरी लांब हवा, सायलेन्सरचं तोंड घराकडे नको, शेजाऱ्याच्या खिडकीकडेही नको. जांभ्याच्या चिऱ्यांचा फूटभर उंच कट्टा बांधा, वर पत्रा, तीन बाजू मोकळ्या. दोन दिवसांचं काम आहे. तिथून घरात येणारी केबल चांगल्या जाडीची घ्या, 3 केव्हीएला 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची, आणि ती पाइपातून आणा. एक्स्टेंशन बोर्ड पावसात टाकून ठेवू नका. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून थंड होऊ द्या. चालू इंजिनात भरताना थेंब सायलेन्सरवर पडला की भडका.

अर्थिंगचं वेगळं सांगायला हवं, कारण आपली जमीन कातळाची. कातळात दोन फुटांवर रॉड ठोकून अर्थिंग झालं असं समजणारे खूप आहेत. तिथे ओल नसते, वीज जमिनीत जातच नाही. जिथे माती खोल आहे, माडाच्या आळ्याजवळ किंवा विहिरीच्या बाजूला, तिथे खड्डा घ्या, कोळसा-मीठ घाला, उन्हाळ्यात पाणी सोडत राहा आणि वायर तिथून आणा. घरात ईएलसीबी असेल तर इलेक्ट्रिशियनला विचारा की जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलाय का. बऱ्याच छोट्या सेटमध्ये तो जोडलेला नसतो आणि मग शॉक लागला तरी ईएलसीबी पडेलच असं नाही. टेस्टचं बटण दाबल्यावर पडतो, म्हणून खुश राहू नका.

छपरावर सोलर बसवलेल्यांचे फोन हल्ली जास्त येतात. "ऊन कडक आहे, पॅनल आहेत, तरी लाईट गेली की घर अंधारात कसं?" अनुदानात बसवलेली बहुतेक घरगुती सोलर यंत्रणा बॅटरीशिवाय, लाईनला जोडलेली असते. लाईन गेली की तिचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो, कारण तेच, तारेवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव. ती बिघडलेली नाही. पण जनरेटर जोडताना सोलर लाईनच्या बाजूलाच राहिला पाहिजे. तो घराच्या बाजूला राहिला तर जनरेटरची वीज बघून इन्व्हर्टरला वाटतं लाईन आली, तो सुरू होतो आणि वीज जनरेटरमध्येच उलटी ढकलतो. जनरेटर त्यात जळू शकतो.

होडीवाल्यांसाठी थोडक्यात. पेट्रोलचा जनरेटर होडीच्या खाली, बंद जागेत कधीच नको. धूर आहेच, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाला साठते आणि एका ठिणगीची वाट बघते. खारा वारा तर टर्मिनल महिन्यात हिरवे करतो, उघडून पुसत राहा.

घेतलेला जनरेटर ऐन वेळी सुरू होत नाही ही तर सार्वत्रिक तक्रार. कारण वर्षभर हात लावलेला नसतो. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते आपल्या दमट हवेत पाणी ओढतं, कार्ब्युरेटर चिकटतो. महिनाभर वापरायचा नसेल तर टाकीचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर मोकळा राहतो. महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं, लोड टाकून, चालवायचाच. छोट्या इंजिनचं पहिलं ऑइल साधारण वीस तासांनी आणि पुढे शंभर तासांनी बदलतात, पुस्तिका बघा. आणि वादळाचा इशारा आला की आदल्या दिवशी इंधन आणून ठेवा. पेट्रोल पंपालाही वीज लागते.

शेवटचं काम फुकट आहे. जनरेटर बसवला की महावितरणच्या तुमच्या शाखा कार्यालयात जाऊन सांगा आणि आपल्या भागाच्या वायरमनला चेंजओव्हर उघडून दाखवा. मी मीटरच्या पेटीवर लाल रंगाने मोठ्या अक्षरात लिहिलंय, "या घरात जनरेटर आहे." आमचा वायरमन खांबावर चढायच्या आधी अजूनही मला हाक मारून विचारतो, आणि मी बाहेर येऊन दांडा कुठे आहे ते बघूनच उत्तर देतो.