उंदीर मरतो, पिसू उरते

शिरूर-दौंडकडे उसात, ज्वारीत उंदीर वाढले की शेतकरी झिंक फॉस्फाईड घालतात. त्याने उंदीर मेले तर नवल नाही. पण औषध न घालता घरात उंदीर पटापट मरून पडू लागले, तर लगेच आरोग्य केंद्राला कळवावे.

१९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी असेच झाले. आधी उंदीर मेले, पिसवा चावू लागल्या, मग माणसांना ताप आणि जांघेत गाठी. हा प्लेग. त्याचे जंतू रानउंदरांत टिकून राहतात. त्यांतले पुष्कळसे या रोगाला दाद देत नाहीत. त्यांच्या पिसवा घरच्या उंदरावर आल्या की तो मात्र मरतो. तो गार पडला की पिसू त्याला सोडते नि मिळेल ते ऊबदार अंग धरते. तिच्या पोटात जंतूंचा बोळा बसलेला असतो; रक्त खाली उतरत नाही, म्हणून ती भुकेने पुनःपुन्हा चावते आणि दर चाव्यात जंतू सोडते.

तेव्हा अशा वेळी उंदीर मारायची घाई नको. आधी बिळांत पिसवांसाठी कीटकनाशक पावडर, मग उंदीर. मेलेला उंदीर उघड्या हाताने, शेपटी धरूनसुद्धा, उचलू नये. तापाबरोबर जांघेत वा काखेत दुखरी गाठ आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. स्ट्रेप्टोमायसीन, डॉक्सिसायक्लीन यांसारख्या औषधांनी वेळेवर आलेला रोगी बहुधा बरा होतो. १८९७ च्या पुण्यात ही औषधे नव्हती.