सूज मोजली, पुढे काय?

हत्तीरोगाने सुजलेला पाय दवाखान्यात फितीने मोजतात. ठरावीक अंतरांवर घेर घ्यायचा, दुसऱ्या पायाशी ताडायचा, त्यावरून घनफळ काढायचं. बोटाने दाबल्यावर खड्डा पडतो का, पाय उंच ठेवल्यावर सूज ओसरते का, कातडी किती जाड झाली, यावरून आजाराची अवस्था ठरते. पण त्या पायाने बाई खुरपायला जाऊ शकते का, हे फीत सांगत नाही.

महाराष्ट्रात नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या जिल्ह्यांनी हा आजार पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास त्याचे जंतू पसरवतो. मोहिमेत घरोघरी दिलेल्या गोळ्यांनी प्रसार रोखला जातो. मुरलेली सूज मात्र सहसा राहतेच.

जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये आजाराकडे पाहण्याची चौकट रुंदावली: शरीरात काय बिघडलं, माणसाला काय करता येतं आणि चारचौघांत त्याला किती वावरता येतं. सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं, खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला किती वेळ लागतो, या चाचण्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधतात. तिसऱ्यासाठी प्रश्नावल्या आहेत. कार्डिफची 1994 ची त्वचारोगांसाठीची प्रश्नावली दहाच प्रश्नांची. गुण शून्य ते तीस, जितके जास्त तितकं जगणं अवघड. केरळातल्या कासारगोडच्या त्वचारोग संस्थेने तर खास हत्तीरोगासाठीच प्रश्नावली बेतली.

तरी आपल्याकडे खुर्चीच्या चाचणीने भागत नाही. उकिडवं बसता येतं का? पंगतीत मांडी घालता येते का? एस.टी.ची पायरी चढवते का? पायात चप्पल शिरते का? लग्नकार्याला जाणं टाळता का?

हे विचारायचं कुणी, याचं उत्तर जामखेडकडे आहे. हे काही हत्तीरोगासाठी ओळखलं जाणारं गाव नव्हे. पण डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावांनीच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवलं. कुष्ठरुग्णांचे उपचार वेगळ्या वसाहतीत न ठेवता नेहमीच्या आरोग्यसेवेत आणले. सांडपाण्यासाठी शोषखड्डे खणले. क्युलेक्सला आळा घालायलाही तोच उपाय. आणि प्रश्न विचारायलाही याच कार्यकर्त्या हव्यात: परक्या माणसाने कागद पुढे केला तर ‘बरं आहे’ एवढंच उत्तर येतं. ओट्यावर टेकलेल्या ओळखीच्या बाईला मात्र खरं सांगितलं जातं.

त्या खऱ्या उत्तराने उपचारांचा हिशेबही बदलतो. पाय रोज साबणाने धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं, भेगांना मलम लावणं, एवढ्याने घेर फारसा उतरेलच असं नाही. पण थंडी-ताप येऊन पाय लालभडक होण्याचे झटके कमी होतात. फितीच्या लेखी हा उपचार जवळपास वाया गेलेला. वर्षात किती झटके आले आणि किती दिवसांची मजुरी बुडाली, हे विचारलं तर तोच उपचार लाखमोलाचा ठरतो. म्हणून रुग्णाच्या कार्डावर घेराच्या रकान्याशेजारी हे दोन रकाने हवेतच.