जव, नत्र आणि यशवंत वाड

सेंद्रिय शेतीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण सर अल्बर्ट हॉवर्ड यांच्यापाशी थांबतात. पण 1931 साली ऑक्सफर्डने छापलेल्या ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ या पुस्तकावर लेखकांची नावे दोन आहेत: हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. होळकरांच्या इंदुरात, मुंबईच्या कापूस समितीच्या पैशावर चालणाऱ्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’त वाड रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक होते. हॉवर्ड वनस्पतिशास्त्रज्ञ. काडीकचरा, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, राख आणि शेणकाला यांचे थर लावून ते पालटायचे आणि तीन महिन्यांत खत काढायचे, ही ‘इंदूर पद्धत’. तिचा कणा म्हणजे कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण, आणि तो प्रांत रसायनज्ञाचा. ही पद्धत केनियाच्या कॉफीमळ्यांत गेली. हॉवर्डच्या विचारांच्या प्रेरणेने 1942 साली अमेरिकेत रोडेल यांचे मासिक आणि 1946 साली इंग्लंडात ‘सॉइल असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली. या प्रवासात वाडांचे नाव मागे पडले, हा मला सरळ अन्याय वाटतो.

नत्राचा हा हिशेब जवाइतका क्वचितच दुसऱ्या धान्याला लागू पडतो. युरियाचा मारा झाला की जव लोळतो आणि दाण्यातली प्रथिने वाढतात. ती साधारण 12 टक्क्यांच्या वर गेली की मॉल्टवाले माल नाकारतात. गव्हाला जास्त प्रथिनांसाठी भाव मिळतो, जवाला त्याच कारणाने कमी. हलकी, खारवट जमीन आणि बेताचे पाणी हे पीक निभावून नेते. म्हणून अशा खतातून सावकाश सुटणारे नत्र ही इथे उणीव ठरत नाही. उत्पादन घटते, हा आक्षेप मात्र खरा आहे: ‘नेचर’मधल्या 2012 च्या तुलनेत सेंद्रिय पिकांची घट परिस्थितीनुसार 5 ते 34 टक्के निघाली. पण जव पिकवणाऱ्याचे उत्पन्न नुसत्या क्विंटलवर ठरत नाही. दाणा मॉल्टला चालला की गुरांच्या खाद्यात गेला, यावर ठरते. जवाच्या आदल्या वर्षी हरभऱ्यासारखे कडधान्य घेतले, तर नत्राची तूटही काही अंशी भरते.

खरी अडचण कागदाची, म्हणजे प्रमाणीकरणाची आहे. निर्यातीच्या सेंद्रिय मालाचा राष्ट्रीय कार्यक्रम ‘अपेडा’ ही केंद्र सरकारची संस्था चालवते. महाराष्ट्रात जव जवळजवळ नाहीच. तो पिकतो मुख्यतः राजस्थान आणि उत्तर प्रदेशात. तिथल्या शेतकऱ्याला या कार्यक्रमाच्या नियमांनुसार हंगामी पिकासाठी सेंद्रिय शेतीकडे रूपांतरणाची साधारण दोन वर्षे काढावी लागतात. या काळात सेंद्रिय भाव मिळत नाही, घट मात्र सोसावी लागते. छोट्या शेतकऱ्याला हे परवडणार नाही असे म्हणणाऱ्यांना गटप्रमाणीकरण हे उत्तर आहे, पण निम्मेच: त्याने तपासणीचा खर्च वाटला जातो, त्या दोन वर्षांची तूट नाही. शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी देण्याची पीजीएस पद्धत स्वस्त आहे, पण तिच्या दाखल्यावर माल परदेशी जात नाही. अनुदान द्यायचेच असेल, तर ते खताच्या पोत्याआधी या दोन वर्षांना द्यावे.