रंगावर जाऊ नका, कल्ले उघडून पाहा!

मैत्रिणींनो, बाजारात पापलेट घेताना आपण काय करतो? आधी कल्ले उचलून पाहतो, बोटाने दाबून पाहतो, मग भाव विचारतो. पण जुनी शिलाई मशीन किंवा जुने कपाट घेताना मात्र नव्या रंगाला भुलतो! वर्सोव्याच्या, म्हणजे कोळ्यांच्या वेसाव्याच्या, आमच्या नेहमीच्या मासळीवाल्या मावशींकडून याबाबत मी एक धडा घेतला.

मावशींच्या घरी दोन जुन्या यांत्रिक होड्यांपैकी एक घ्यायची होती. पैसा मावशींच्या दोन पाटल्यांचा. एक होडी लाकडी, ऐसपैस, नुकतीच रंगवलेली आणि स्वस्त. दुसरी फायबरची, लहान, रंग उडालेली आणि महाग. पुरुषमंडळींचे मन पहिलीवर. मावशी म्हणाल्या, "रंग काय, लग्नात मी पण लावते. वय कमी होते का?"

त्यांनी पाण्याखाली राहणाऱ्या फळीत सुरीचे टोक दाबले. ते लोण्यात जावे तसे आत गेले! खाऱ्या पाण्यातला किडा लाकूड आतून पोखरतो. वरून पत्ताही लागत नाही. शिवाय लाकडी होडीची फळ्यांची, सांध्यांची डागडुजी पावसाळी मासेमारीबंदीत, साधारण १ जून ते ३१ जुलै या काळात करायची. म्हणजे मिळकत बंद तेव्हाच खर्च उभा!

मग फायबरची पाळी. नाणे घेऊन ठिकठिकाणी वाजवले. आवाज खणखणीत हवा. बद्द वाजले तर आत थर सुटलेले किंवा पाणी मुरलेले असू शकते. इंजिन सुरू करण्याआधी त्यावर हात ठेवला. गरम लागले तर समजावे, मालकाने आधीच चालवून ठेवले आहे. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. निळा धूर निघत राहिला तर तेल जळते आहे. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे.

जागाही पाहायची, बरं का! वेसाव्याच्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो. जड, खोल बुडणारी होडी भरतीची वाट पाहत राहते. हलकी लवकर निघते.

शेवटी कागद. नोंदणी कोणाच्या नावावर, परवाना चालू आहे का, होडीवर कर्ज थकले आहे का, हे विचारल्याशिवाय विसार देऊ नये.

मावशींनी फायबरची होडी घेतली. इंजिनाचा पाण्याचा पंप कुरकुरत होता, तेवढी किंमत पाडून घेतली. दोन्ही पाटल्या मोडायची तयारी होती, एकीवर भागले. दुसरी त्यांनी दुरुस्तीसाठी डब्यात ठेवली.

"ताई, मोटार बिघडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते," मावशी टोपली उचलता उचलता म्हणाल्या. "समुद्राला कडा नसते. आणि होडीत माझा लेक असतो."

तर मैत्रिणींनो, जुनी वस्तू घ्याल तेव्हा सगळा पैसा किमतीतच घालू नका. एक पाटली डब्यात असू द्या!