कड्यावरचा कंदील

संभाजीनगरहून पहाटे निघालात तर दुपारच्या आत अंजनेरीच्या पायथ्याशी पोचाल. नाशिक–त्र्यंबक रस्त्यावरचा हा डोंगर मारुतीचं जन्मस्थान मानला जातो. पिढ्यान्‌पिढ्या माणसं तो चढताहेत. आणि तरीही तिथल्या एका रोपट्याला शास्त्रीय नाव मिळायला २००६ साल उजाडावं लागलं! सेरोपेजिया अंजनेरिका. इतकी पावलं शेजारून गेली, मग ते ‘नवं’ कसं?

ते लपतं म्हणून. हे कंदीलपुष्पांच्या गोतावळ्यातलं. यांना खरपुडी म्हणतात, गुराखी पोरं यांचे कंद उकरून खातात. वर्षातला बराच काळ ही वनस्पती म्हणजे मातीखालचा नुसता कंद. पाऊस पडला की कोंब फुटतो, गवतात गवतासारखीच उभी राहते, फुलते आणि पुन्हा जमिनीत गडप! फूल नसेल तर तिला तिच्या बहिणींपासून वेगळं ओळखणं महाकठीण. म्हणजे शोधणाऱ्याच्या हाती मोजके आठवडे, तेही धुक्यातले नि निसरड्या कातळावरचे.

पण ते फूल! तळाशी फुगीर, वर निमुळती नळी, माथ्यावर पाकळ्या. वासाला भुलून बारीकशी माशी नळीत उतरते. आतले केस खाली रोखलेले. जाता येतं, परतता येत नाही. कोठडीत धडपडताना परागांची पुडीच तिच्या सोंडेला चिकटते. मग केस कोमेजतात, दार उघडतं, आणि सुटलेली माशी पुढच्या कंदिलात शिरते! आफ्रिकेतली एक बहीण तर चक्क जखमी मधमाशीचा वास सोडते. कशासाठी? जखमी मधमाशीवर ताव मारणाऱ्या माश्या धावत याव्यात म्हणून. झाडाला हे सुचलं कसं?

मालपुरे, कांबळे आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे श्रीरंग यादव यांनी अंजनेरीचं हे रोप जगापुढे आणलं. नवं म्हणायचं तर आधी माहीत असलेल्या बहिणींशी पाकळीन्‌पाकळी ताडून पाहायची. शिवाय २०१२ पूर्वी नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये देणं सक्तीचं होतं. नाशिकच्या कातळावरचं रोप, आणि त्याचा जन्मदाखला रोमनांच्या भाषेत!

त्या नावाला बांधलेला मूळ नमुना म्हणजे कागदावर चिकटवलेलं वाळकं रोप. जगात कुणालाही, कधीही शंका आली, की तोच कागद उघडून पाहायचा.